ऑर्डरचं कपाट पहिल्याच पावसाळ्यात फुगलं. पैसे परत मागता येतील का?

डोंबिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देतो.

"ह्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून मार्च महिन्यात आमच्या खोलीसाठी मापाचं तीन दारांचं कपाट आणि खाली सामान ठेवायची सोय असलेला बेड बनवून घेतला. बनवणारे माझ्या दिरांच्या ओळखीतले. दुकान इथेच आहे, कारखाना भिवंडीजवळ. कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं: कपाट ९२,०००, बेड ५६,०००, 'सर्व काम ७१० मरीन प्लायमध्ये'. एकूण १,४८,००० पैकी १,४०,००० दिले, ८,००० राहिलेत. बिल दिलं नाही, शिक्का मारलेली साधी पावती आहे. जुलैत कपाटाची खालची फळी फुगली. मग दोन दारांना बाक आला, आता एक दार लागतच नाही, कडेचं सनमायकाही सुटतंय. फुगलेल्या जागी नखाने खरवडलं तर भुसा पडतो. बेड ठीक आहे. ते म्हणतात, 'पावसाळ्यात लाकूड फुगतंच. ऑर्डरचा माल आहे, परत घेऊन मी कुणाला विकू? आधी राहिलेले आठ हजार द्या, मग बघतो.' एकदा माणूस आला, बिजागऱ्या आवळून गेला. चार दिवसांत पुन्हा तेच. दीर म्हणतात, ओळखीत कोर्टकचेरी नको. पैसे परत मिळू शकतात का, की दुरुस्तीवरच भागवायचं?"

ताई, पैसे परत मागता येतात. आणि तुम्ही लिहिलं आहे ते तसंच असेल, तर कपाटापुरते तरी मागायलाच हवेत. आयुष्यभराच्या नोकरीनंतर हाती आलेल्या पैशांतून घेतलेली वस्तू आहे ही. सहा महिन्यांत दार लागेनासं झालं आणि वर तुम्हालाच 'आधी बाकी द्या' असं ऐकावं लागतंय, हे वाचून मला वाईट वाटलं आणि रागही आला.

सगळ्यात आधी 'ऑर्डरचा माल परत होत नाही' या वाक्याकडे बघू, कारण या वाक्यामुळेच बहुतेक लोक गप्प बसतात. ते खोटंही नाही आणि पूर्ण खरंही नाही. शिंप्याकडे मापाचा ब्लाउज टाकला आणि घरी आल्यावर रंग आवडेनासा झाला, तर शिंप्याने पैसे का द्यावेत? पण पहिल्या धुण्यात शिवण उसवली तर तो 'तुमच्याच मापाचा आहे' असं म्हणून सुटू शकत नाही. कपाटाची लांबी-रुंदी, खणांची मांडणी, सनमायकाचा रंग ही निवड तुमची होती. त्यात काही चुकलं असतं, समजा खोलीत मोठं वाटलं असतं किंवा रंग भिंतीला शोभला नसता, तर ते तुम्ही सोसायचं. पण आत कोणता प्लाय घातला, कडा नीट बंद केल्या का, दाराच्या उंचीला पुरतील एवढ्या बिजागऱ्या लावल्या का, हे सगळं त्यांच्या हातात होतं. तिथलं नुकसान त्यांचं. परत घेतलेलं कपाट ते कुणाला विकणार, हा प्रश्न त्यांना खराच पडेल, पण तो तुमच्या पैशांनी सोडवायचा नाही.

कायदाही याच बाजूचा आहे. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतल्या दोषाची व्याख्या आहे. कायद्याने किंवा करारामुळे जो दर्जा असायला हवा, किंवा विकणाऱ्याने स्वतः जो दर्जा असल्याचं सांगितलं, त्यात कोणतीही उणीव असणं म्हणजे दोष. तयार माल आणि मापाचा माल असा भेद त्या व्याख्येत केलेला नाही. याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष वस्तू परत घ्यायला किंवा तिचे पैसे द्यायला नकार देणं तिच्यात येतं. बिलावर मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर ३० दिवसांत, असं तिथे म्हटलं आहे. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली गोष्ट आहे, तेव्हा 'बिल नाही म्हणून तक्रार नाही' असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. त्याहून जुना १९३० चा मालविक्री कायदा सांगतो की वर्णन सांगून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. तुमच्या कोटेशनमधले '७१० मरीन प्लाय' हे शब्द म्हणजे असंच वर्णन आहे. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तो आहे. फुगलेली फळी त्याच्यानंतर येते.

हे ७१० म्हणजे काय ते समजून घ्या, म्हणजे समोरच्याशी बोलताना अडखळायला होणार नाही. भारतीय मानकांत साधारण वापराच्या प्लायसाठी आयएस ३०३ आहे आणि मरीन प्लायसाठी आयएस ७१०. मरीन प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात आणि तेवढ्यानेही त्याचे थर सुटता कामा नयेत. त्यामुळे खोलीतल्या पावसाळी दमटपणाने अशा प्लायची फळी फुगून तिचा भुसा पडणं, हे मला पटत नाही. 'पावसाळ्यात लाकूड फुगतं' हे म्हणणं अखंड लाकडाच्या बाबतीत बरोबर आहे. सागवानी दरवाजे जुलैत अडकतात आणि दिवाळीनंतर सरळ होतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून तो इतका हलत नाही. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका येते की निदान खालची फळी प्लायची नसून पार्टिकल बोर्डाची आहे. लाकडाचा चुरा डिंकात दाबून तो बोर्ड बनतो. उघड्या कडेतून ओल शिरली की तो फुगतो, आणि वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही.

शंका खरी की खोटी हे घरच्या घरी बघता येईल. दाराची बिजागरी आतल्या बाजूने ज्या गोल खड्ड्यात बसते, तो सुमारे ३५ मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या भिंतीला सनमायका नसतं. घरातल्या कुणालातरी दार धरून ठेवायला सांगा, दुसऱ्याला मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि एक बिजागरी सोडवून खड्ड्यात टॉर्च मारा. एकावर एक थर दिसले तर प्लाय. चिक्कीसारखे कण दिसले तर पार्टिकल बोर्ड. गुळगुळीत, एकजीव, पुठ्ठ्यासारखं दिसलं तर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड. मग बिजागरी परत लावून टाका. खालच्या फळीची जमिनीकडची कडा आणि पाठीमागची बाजूही अशीच बघा. घाईत केलेल्या कामात तिथे पट्टी मारायची राहून गेलेली असते. आणि हो, बेडही तपासा. तुम्ही 'ठीक आहे' म्हणता, पण गादीखालच्या फळीची कापलेली कडा अजून पाहिली नसेल. तोही ७१० चा नसेल, तर तो फुगलेला नसला तरी ठरल्याप्रमाणे नाही, आणि मागणीत त्याचाही समावेश करावा लागेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे बघायला हवी. कपाटामागच्या भिंतीला ओल आहे का? शेजारी बाथरूम आहे का, बाहेरच्या भिंतीतून पाणी झिरपतं का, लादी पुसताना पाणी कपाटाखाली जातं का? त्यांचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल. भिंत कोरडी असेल तर तिचे फोटो आत्ताच, पावसाळा संपायच्या आत काढून ठेवा. ओल असेल तर मात्र पूर्ण रकमेचा आग्रह टिकणं कठीण. तरीही मरीन प्लायच्या जागी दुसरंच काही घातल्याचा मुद्दा उरतोच, कारण दमट खोली आहे म्हणूनच माणूस मरीन प्लायचे जास्तीचे पैसे मोजतो.

आता पुराव्यांबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं संभाषण एक्स्पोर्ट करून ईमेलवर पाठवून ठेवा, आणि ज्या फोनवर ते आहे तो फोन विकू नका, रीसेट करू नका. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हाताशी असला की वाद कमी होतात. पैसे यूपीआयने दिले असतील तर ती नोंद, रोख दिले असतील तर शिक्क्याची पावती. माल देताना त्यांनी तोंडी काही सांगितलं असेल, म्हणजे 'पाच वर्षं बघायला नको' वगैरे, तर ते तुम्ही आज लिखित करू शकता. साधा संदेश पाठवा: 'कपाट देताना तुम्ही असं म्हणाला होतात, आणि आमच्याकडे आलेल्या माणसाने बिजागऱ्या आवळल्या, पण दार पुन्हा लागत नाही.' त्यांनी नाकारलं नाही तर तेही नोंदीत राहतं. रागाने काही लिहू नका. हे संदेश उद्या एखादा तिऱ्हाईत माणूस शांतपणे वाचणार आहे, हे मनात ठेवून लिहा.

कपाटाला दुसऱ्या सुताराचा हात लागू देऊ नका. मला या प्रकरणात याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. कपडे ठेवायची अडचण होते, दार अंगावर पडेल अशी भीती वाटते, म्हणून माणूस वैतागून शेजारच्या मिस्त्रीला बोलावतो, तो फळी बदलतो आणि फुगलेला तुकडा भंगारात जातो. मग दाखवायला काही उरत नाही. मिस्त्रीला जरूर बोलवा, पण बघायला बोलवा. अनुभवी सुतार किंवा इंटिरिअरचं काम करणारी व्यक्ती, जिचा या दुकानदाराशी काही संबंध नाही, तिच्याकडून पाहणीचा कागद घ्या: काय पाहिलं, कोणता माल आढळला, दोष कशामुळे वाटतो, तारीख, नाव, सही. पुढे गरज पडल्यास ती व्यक्ती प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहे का, हे आधीच विचारा. फुगलेल्या जागचा सुटलेला तुकडा एका पिशवीत तारीख घालून ठेवा. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या आयोगाकडे गेलं, तर गरज वाटल्यास आयोग स्वतः नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्यासाठी नमुना शिल्लक असावा लागतो.

राहिलेले आठ हजार आत्ता देऊ नका. मालविक्री कायद्याच्या कलम ५९ मध्ये, विकणाऱ्याने हमी मोडली असेल तर ती रक्कम किमतीतून वजा धरण्याची सोय आहे. 'देणार नाही' असं म्हणायचं नाही. 'हिशेबात धरू' असं लेखी कळवायचं. मागणीच्या पत्रात ती रक्कम स्वतःहून दाखवली की तुम्ही पैसे बुडवायला निघाला आहात, असं त्यांना म्हणता येणार नाही.

आता मागायचं काय? पूर्ण १,४०,००० मागावेत असं मला वाटत नाही. बेड खरोखर ठीक निघाला तर तो ठेवा आणि कपाटाचे ९२,००० मागा. त्यातून राहिलेले ८,००० वजा केले की ८४,००० होतात. जे खराब नाही त्याचेही पैसे मागितले की जे खराब आहे त्याची मागणीसुद्धा संशयास्पद दिसू लागते. मनस्तापाची भरपाई आणि खर्च आयोगापुढे वेगळे मागता येतात. पहिल्या पत्रात त्यांचा उल्लेख पुरे.

दुरुस्तीबद्दल तुम्ही विचारलंत. एक संधी तुम्ही दिलीच आहे, माणूस येऊन गेला. कायद्याने आणखी संधी देणं बंधनकारक नाही, पण त्यांनी आता स्वतःहून लेखी दिलं की तिन्ही दारं आणि खालची फळी ७१० प्लायमध्ये नव्याने बनवून अमुक तारखेपर्यंत बसवतो, आणि सोबत प्लाय खरेदीचं बिल दाखवलं, तर ते स्वीकारायचा विचार करा. कारण तुम्हाला शेवटी हवंय ते कपाट. मात्र सांगाडाही पार्टिकल बोर्डाचा निघाला, तर फक्त दारं बदलून उपयोग नाही, पुढच्या पावसाळ्यात बाजू फुगतील. तेव्हा दुरुस्तीला सरळ नाही म्हणा. सुटलेलं सनमायका पुन्हा चिकटवणं, फुगलेल्या कडेवर पट्टी मारणं ही दुरुस्ती नाही, दोष झाकणं आहे. पैशांऐवजी 'दुकानातलं दुसरं काहीतरी घ्या' हेही मान्य करण्याची सक्ती तुमच्यावर नाही.

पत्र असं लिहा. भाषा साधी ठेवा, मराठीच ठेवा:

"तुम्ही दिलेल्या कोटेशननुसार (तारीख) आम्ही तुमच्याकडून कपाट (९२,००० रुपये) आणि बेड (५६,००० रुपये) बनवून घेतले. सर्व काम ७१० मरीन प्लायमध्ये करण्याचे ठरले होते. आम्ही १,४०,००० रुपये दिले आहेत. जुलै महिन्यापासून कपाटाची खालची फळी फुगली असून दोन दारे वाकली आहेत व एक दार बंद होत नाही. पाहणीत कपाटात प्लायऐवजी (आढळलेला माल) वापरल्याचे दिसते. फोटो व पाहणी अहवाल सोबत जोडला आहे. तुमच्या कारागिराने एकदा येऊन केलेल्या कामाने दोष गेला नाही. तरी हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कपाटाच्या किमतीतून आमच्याकडील बाकी ८,००० रुपये वजा करून ८४,००० रुपये परत करावेत आणि कपाट स्वखर्चाने घेऊन जावे. माल ७१० मरीन प्लायच आहे असे तुमचे म्हणणे असल्यास त्याच मुदतीत प्लाय खरेदीचे बिल दाखवावे. तसे न झाल्यास आम्हाला जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल व तेथे व्याज, नुकसानभरपाई व खर्चाचीही मागणी केली जाईल."

त्यातलं प्लाय खरेदीच्या बिलाचं वाक्य गाळू नका. ज्याने खरंच मरीन प्लाय घातला असेल तो ते बिल आनंदाने दाखवेल. ज्याने घातला नसेल तो त्या वाक्यापाशी अडकेल, आणि बोलणी बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतात.

पत्र स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याची नोंद छापून ठेवा, शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. पाठवण्याआधी नाव-पत्ता नीट शोधा. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि मालकाचं नाव वेगळं असतं, आणि तक्रार मालकाविरुद्ध करायची असते. यूपीआयच्या नोंदीत ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव दिसेल. पाटीवर किंवा त्यांच्या कुठल्याही कागदावर जीएसटी क्रमांक असेल, तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की मालकाचं कायदेशीर नाव समोर येतं. कारखान्यातल्या कारागिराला यात ओढू नका. त्याला जो बोर्ड दिला तो त्याने कापला.

दिरांबद्दल. त्यांना पत्र पाठवण्याआधी दाखवा, नंतर कुणाकडून तरी कळू देऊ नका. ते म्हणतात त्यात तथ्य आहे: ओळखीतल्या माणसाशी वाद झाला की लग्नकार्यात तोंड चुकवावं लागतं. पण ती ओळख माल देताना समोरच्यानेच पाळलेली नाही, आणि हे ओझं एकट्या तुमच्या घराने का वाहायचं? दिरांना एक विनंती करा. पत्र पोचल्यावर त्यांनी स्वतः त्या गृहस्थांना भेटावं आणि १५ दिवसांच्या आत विषय मिटवायला सांगावं. मध्यस्थी करायची असेल तर तिची योग्य वेळ हीच. तुम्हाला गप्प बसवणं म्हणजे मध्यस्थी नव्हे.

तडजोडीत ते म्हणतील की सहा महिने वापरलंत, थोडे कमी घ्या. माझं स्पष्ट मत: ८४,००० च्या जागी पंचाहत्तरच्या आसपास रोकडा मिळत असतील, तर घेऊन मोकळ्या व्हा. तडजोड कागदावर लिहा, रक्कम आणि तारीख घाला. ते पुढच्या तारखेचा धनादेश देत असतील तर चालेल. तो वटला नाही तर परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ आहे, मात्र बँकेने धनादेश परत केल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. 'माझी काही तक्रार राहिली नाही' अशा कागदावर पैसे खात्यात आल्याशिवाय सही नको.

१५ दिवसांत काहीच हललं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ही हेल्पलाइन चांगली चालते. एका दुकानाच्या मालकावर तिचा वचक कमी, पण तक्रारीचा क्रमांक पुढे कामी येतो. मुंबई-ठाणे भागात १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे, तिच्या मार्गदर्शन केंद्रात कागद दाखवा. तिथले कार्यकर्ते तुमची मागणी कुठे कच्ची आहे ते सांगतील, आणि ते आधी कळलेलं बरं.

त्यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुमच्यासाठी ठाण्याचा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करायची मुभा दिली आहे, त्यामुळे उद्या दुकान दुसऱ्या जिल्ह्यात हललं तरी तुम्हाला तिकडे जावं लागणार नाही. मोबदला, म्हणजे वस्तूसाठी मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे जातं, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. वकील नेमायची सक्ती नाही. तक्रार मराठीत लिहिता येते. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांचे कितीतरी निकालच मराठीत आहेत. ऑनलाइन दाखल करायची असेल तर ई-जागृती हे सरकारी पोर्टल आहे. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, तेव्हा आज घाई नाही, पण 'पुढच्या पावसाळ्यात बघू' असंही करू नका, कारण दिवस जातील तसा 'इतके दिवस का थांबलात' हा प्रश्न टोकदार होत जातो.

तिथे काय होतं तेही सांगतो. तक्रार दाखल करून घेतली की समोरच्याला नोटीस जाते. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस मिळतात, आयोग फार तर आणखी १५ देऊ शकतो. त्यापुढे नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. मग दोन्ही बाजूंची प्रतिज्ञापत्रं, कागदपत्रं. आयोगाला तडजोडीची शक्यता दिसली तर दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवता येतं, आणि कपाटाच्या वादात मी तरी ती संमती देईन. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि वस्तूची तपासणी करावी लागली तर पाच महिने, असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, वर्ष उलटून जाऊ शकतं. ही तयारी मनाशी ठेवूनच आयोगाची पायरी चढा, म्हणूनच वर तडजोडीबद्दल इतकं लिहिलं. निकाल तुमच्या बाजूने लागला तर आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला किंवा किंमत परत करायला सांगू शकतो, आणि भरपाईही देऊ शकतो. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. छोट्या दुकानदाराला या कलमाची चांगली कल्पना असते.

एक युक्तिवाद तिथे हमखास येतो: 'माल घरी आला तेव्हा त्यांनी बघून घेतला, पावतीवर चांगल्या स्थितीत मिळाल्याची सही आहे.' तुमच्याकडून अशी सही घेतली असेल तरी धास्ती नको. सनमायकाच्या आत काय आहे हे मार्च महिन्यात कुणालाच दिसणार नव्हतं. वरून दिसणारा ओरखडा आणि आत लपलेला माल यांत फरक करायला आयोगाला वेळ लागत नाही.

फर्निचर बनवून घेणार असणाऱ्या इतर वाचकांसाठी एवढंच: कोटेशनमध्ये प्लायचा आयएस क्रमांक, जाडी, कंपनी, बिजागऱ्या-चॅनेलचं नाव आणि हमीची वर्षं लिहून घ्या, प्लाय कापायच्या आधी कारखान्यात जाऊन शीटवरच्या आयएसआय शिक्क्याचा फोटो काढा, आणि शेवटचा हप्ता कपाट बसवून दारं उघडून-मिटून पाहिल्यावरच द्या. या ताईंनी कोटेशन लेखी घेतलं आणि थोडी रक्कम हातात ठेवली, म्हणून त्यांची बाजू आज इतकी भक्कम आहे.

ताई, शेवटची एक व्यावहारिक गोष्ट. पैसे परत करायचं ठरलं की ते म्हणतील, आधी कपाट नेतो, मग पैसे टाकतो. तसं करू नका. कपाट हाच तुमचा पुरावा आहे. रक्कम खात्यात जमा झाल्याचा संदेश आला की मगच त्यांच्या माणसांना कपाट खोलू द्या, सुटे करताना फोटो घ्या, आणि 'कपाट परत मिळाले' असं त्यांच्याकडून तारखेसह लिहून घ्या. टेम्पो आणि हमालीचा खर्च त्यांचा.